लॉर्ड लेकचा किताब आणि साताऱ्याची गादी

मंडळी, सुरुवात एका नावाने करतो. नाव लांब आहे, पण पूर्ण ऐका. ‘व्हायकाउंट लेक, ऑफ दिल्ली अँड लासवारी, अँड ऑफ अ‍ॅस्टन क्लिंटन इन द काउंटी ऑफ बकिंगहॅम.’ हा इंग्लंडच्या राजाने १८०७ साली जनरल लेक या आपल्या सेनापतीला दिलेला वंशपरंपरागत किताब. १८४८ साली तो संपला. एकेचाळीस वर्षं, तीन धनी आणि खलास. आज त्या नावाचा कुणी नाही.

आपण सगळे जुन्या पत्रांचे मायने वाचायला सरावलेली माणसं आहोत. आलिजाबहाद्दर म्हटलं की शिंदे, सेनासाहेबसुभा म्हटलं की नागपूरकर, सेनाखासखेल म्हटलं की गायकवाड. मायना नुसता वाचला तरी कोण कुणाला किती मानतो, कुणाला काय हवं आहे, ते कळतं. माझं म्हणणं एवढंच की इंग्रजांचे किताबही असेच वाचावेत. अ‍ॅस्टन क्लिंटन हे बकिंगहॅमशरमधलं खेडं. त्याच्या शेजारी, एकाच ओळीत, दिल्ली आणि लासवारी. हा मायना आपल्यावर लिहिलेला आहे. त्यातली दिल्ली शिंद्यांच्या ताब्यातून घेतली आणि लासवारीला शिंद्यांचे कंपू, म्हणजे कवायती पलटणी, संपवले.

दिल्ली ठाऊक नाही असं कोण आहे? पण लासवारी? हात वर करा बरं. एक, दोन... पाच. साताऱ्यात, इतिहासाच्या व्याख्यानाला आलेल्या भरल्या सभागृहात पाच. मी रागावत नाही. हेच माझं जुनं दुखणं आहे, आणि तुम्ही आपले म्हणून सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीला लेख दिला होता. दैनिकाचं नाव घेत नाही. लेख लासवारीवरच होता, दीड हजार शब्दांचा. सकाळी चहाबरोबर पुरवणी उघडली आणि मथळा वाचून कप खाली ठेवला. ‘लासलगावची विस्मृतीत गेलेली लढाई’! आतही सगळीकडे लासवारीचं लासलगाव केलेलं. तपासणाऱ्याला वाटलं असणार की मी चुकलोय. कांद्याच्या बाजाराला लॉर्ड लेक कशाला येईल, हे त्याच्या मनात आलं नाही. मी फोन केला. पलीकडचा मुलगा बोलायला चांगला होता. म्हणाला, “सर, लासवारी नावाचं गाव आम्हाला सापडलं नाही, म्हणून जवळचं घेतलं.” पुढच्या रविवारी दोन ओळींची दुरुस्ती आली, आतल्या पानावर. नंतर निफाडच्या एका वाचकाचं पत्र आलं, की आमच्या भागात एवढी मोठी लढाई झाली हे वाचून ऊर भरून आला. त्या माणसाला उत्तर लिहिताना मला फार वाईट वाटलं. त्याचा ऊर भरून आला होता तो खराच होता. फक्त गाव चुकीचं होतं.

पानिपतला जाऊन माती कपाळाला लावणारी माणसं आपल्याकडे आहेत. असई आपल्याला माहीत आहे, कारण ती जालना जिल्ह्यात आहे, एस. टी. जाते. पण असईनंतर सहा आठवड्यांच्या आत, १ नोव्हेंबर १८०३ रोजी, अलवरच्या बाजूला लासवारीला आपली माणसं ज्या पद्धतीने लढली, त्याला आपल्याकडे जागाच नाही. पराभवाचा कागद जिंकणाऱ्याने आपल्या नावात शिवून घेतला आणि आपण तो वाचलाही नाही.

तेव्हा थोडी लढाई सांगतो. वेळेकडे माझं लक्ष आहे.

१८०३ चा सप्टेंबर. लेक हा बंगालच्या फौजेचा मुख्य, वय एकोणसाठ. अमेरिकेत यॉर्कटाउनला लढलेला, आयर्लंडमध्ये १७९८ चं बंड अत्यंत कठोरपणे मोडून काढलेला. ४ सप्टेंबरला त्याने अलीगड घेतलं. ११ सप्टेंबरला यमुनेच्या पलीकडे पटपडगंजला दिल्लीची लढाई जिंकली. आज तिकडे नोएडात गोल्फच्या मैदानावर एक दगडी खांब उभा आहे, इंग्रजांनी १९१६ साली बसवलेला. त्यावर मराठ्यांचं नाव आहे. दिल्लीला नोकरीनिमित्त असलेल्या तुमच्या मुलाबाळांना सांगा, बघून या.

शिंद्यांच्या कवायती फौजेची बांधणी महादजींच्या काळात द बॉयन या गोऱ्या सेनानीने केली. त्याच्यानंतर पेरों आला. लढाईच्या तोंडावर कंपनीने जाहीरनामा काढला, की शिंद्यांची चाकरी सोडणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांना आम्ही सांभाळून घेऊ. बहुतेक निघून गेले. खुद्द पेरों इंग्रजांच्या आश्रयाला गेला. लासवारीला जे उभे राहिले ते बिनसाहेबांचे कंपू होते. सुभेदार, जमादार, गोलंदाज, शिपाई. दक्षिणेतून आलेल्या पलटणी आणि दिल्लीहून निसटून आलेल्या. सत्तरहून अधिक तोफा.

लेक घोडदळ घेऊन रातोरात धावला. त्याला भीती होती, हे लोक निसटतील. आपल्या माणसांनी तळ्याचा बांध फोडून वाटेत पाणी सोडलं आणि त्यामागे तोफा मांडल्या. उंच गवतात त्या दिसतही नव्हत्या. तोफांना एकमेकींशी साखळदंड बांधलेले. इंग्रजांचं घोडदळ आलं, फळी फोडून पलीकडे गेलं, परत आलं. गोलंदाजांनी काय केलं? घोडे अंगावर आले की तोफेच्या खाली शिरायचं, घोडे पुढे गेले की वर यायचं आणि पाठीत गोळे घालायचे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ तसाच बसलो होतो. मैदानात, डोक्यावरून घोड्यांचे खूर जाताहेत, आणि हा माणूस तोफ सोडत नाही. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही.

दुपारी इंग्रजांचं पायदळ पोचलं. पहाटेपासून पंचवीस मैल चालून आलेलं. मधे बोलणी झाली, तोफा देतो म्हणून निरोप गेला, लेकने तासाभराची मुदत दिली. मुदत टळली आणि खरी लढाई जुंपली. जनरल वेअर नावाचा लेकचा अधिकारी तोफेच्या गोळ्याने पडला. लेकचा स्वतःचा घोडा त्याच्या मांडीखाली ठार झाला. आता इथे त्याचा मुलगा येतो, आणि किताबाच्या गोष्टीत हा मुलगा महत्त्वाचा आहे. जॉर्ज लेक, बापाबरोबरच होता. तो आपल्या घोड्यावरून उतरला आणि बापाला म्हणाला, यावर बसा. बाप नको म्हणत होता. शेवटी बसला. जॉर्जने एका स्वाराचा घोडा घेतला, आणि त्याच क्षणी बापाच्या डोळ्यांदेखत त्याला गोळा लागला. बाप तिथे थांबू शकला नाही. लढाई चालू होती, तो पुढे गेला. जॉर्ज त्या वेळी वाचला.

दुसऱ्या दिवशी लेकने वेलस्लीला, म्हणजे गव्हर्नर जनरलला, गुप्त पत्र लिहिलं. त्यातला मजकूर माझ्या शब्दांत सांगतो. तो लिहितो की अशा भयंकर प्रसंगात मी आयुष्यात कधी सापडलो नव्हतो, आणि देवाजवळ एवढंच मागणं की पुन्हा सापडू नये. हे लोक सैतानासारखे, नव्हे, वीरांसारखे लढले. त्यांचे गोलंदाज संगिनीने मरेपर्यंत तोफेपाशी उभे राहिले. यांच्यावर फ्रेंच अधिकारी असते तर निकाल काय लागला असता याचा भरवसा नव्हता. हे शत्रू लिहितो आहे. जाहीर खलित्यात लिहिलं असतं तर स्वतःचा मोठेपणा वाढवायला लिहिलं असं म्हणता आलं असतं. हे खाजगी पत्र आहे.

म्हणून मी म्हणतो, लेकने किताबात ‘लासवारी’ हे नाव घेतलं ते उगाच घेतलं नाही. १८०४ साली तो बॅरन झाला, तेव्हापासून हे नाव त्याच्याबरोबर आहे. अलीगडचं नाव घेतलं नाही, आग्र्याचं घेतलं नाही. दिल्लीनंतर लासवारी. आणि आणखी एक नाव त्यात नाही, तेही बघा. भरतपूर. १८०५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत लेकने भरतपूरच्या किल्ल्यावर चार हल्ले केले आणि चारही फसले. तीन हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. आत जाट राजा रणजितसिंह, बाहेर यशवंतराव होळकर त्याच्या रसदेवर तुटून पडतोय. पुढे १८२६ साली ते भरतपूर दुसऱ्या सेनापतीने घेतलं, तेव्हा त्याला व्हायकाउंट कॉम्बरमिअर ‘ऑफ भरतपूर’ केलं. तो किताब अजून जिवंत आहे. लासवारी गेली, भरतपूर आहे.

एक गंमत सांगू का? लेकच्या ढालीवर, म्हणजे त्याच्या घराण्याच्या चिन्हात, एक मासा आहे. इंग्रजी ग्रंथांत त्याला मोगलांचा मासा म्हटलंय. आता तुमच्या लक्षात आलं असेल. माहीमरातब! मोगल बादशहाने द्यायचं माशाचं मानचिन्ह. दिल्ली घेतल्यावर लेक शाह आलमला भेटला. आंधळा, म्हातारा बादशहा, डोक्यावर फाटकं छत्र. त्याच्याजवळ द्यायला दुसरं काय होतं? त्याने किताब दिले. समसामुद्दौला, अश्जाउल्मुल्क, खान दौरान खान, फतेहजंग. आणि माहीमरातबाचा मान. हाच बादशहा, हाच मासा, अकरा वर्षं आधी पुण्यात आला होता. १७९२ च्या जूनमध्ये महादजींनी गारपिरावर डेरे दिले, पेशव्यांना बादशाही वस्त्रं आणि माहीमरातब दिला. आणि स्वतः काय म्हणवून घेतलं? पाटील. एवढा मोठा माणूस, दिल्लीचा कारभार ज्याच्या हातात, तो आपली पाटीलकी सोडायला तयार नव्हता. माझे आजोबा गावचे पाटील होते, म्हणून मला हे फार जवळचं वाटतं. पाटीलकी हे वतन. ते जमिनीला, गावाला, शेजाऱ्याच्या भांडणाला चिकटलेलं असतं. किताब वरून येतो, वतन खालून.

आणि जाता जाता गालिबचं सांगतो, कारण त्याशिवाय मला राहवणार नाही. मिर्झा गालिबचे चुलते नसरुल्ला बेग आग्र्याला मराठ्यांच्या चाकरीत होते. १८०३ मध्ये त्यांनी आग्रा लेकच्या हवाली केलं. लेकने त्यांना चारशे स्वारांची असामी आणि जहागीर दिली. १८०६ साली ते वारले तेव्हा गालिब आठ-नऊ वर्षांचा पोर. कुटुंबाला वर्षाला दहा हजार रुपये द्यावेत असा लेकच्या सहीचा कागद निघाला. महिन्याभराने दुसरा कागद, त्यात रक्कम निम्मी, आणि तिलाही वाटेकरी. गालिबचं जवळजवळ सगळं आयुष्य त्या दोन कागदांमागे गेलं. कलकत्त्यापर्यंत गेला तो त्यासाठी. लेकच्या कागदातल्या एका शब्दावर माणसाचं किती अडतं, ते लक्षात ठेवा. पुढे मला ते लागणार आहे.

हो, हो, चिठ्ठी मिळाली. वीस मिनिटं. मग धाकट्या मुलाकडे येतो, कारण किताब मेला तो त्याच्या हातात.

लेकला तीन मुलगे आणि पाच मुली. थोरला फ्रान्सिस, मधला जॉर्ज, धाकटा वॉरिक. लेक १८०७ मध्ये मायदेशी परतला, व्हायकाउंट झाला, आणि २० फेब्रुवारी १८०८ ला वारला. जॉर्ज, ज्याने बापाला घोडा दिला, तो त्याच वर्षीच्या १७ ऑगस्टला पोर्तुगालमध्ये रोलिसाच्या लढाईत पलटणीच्या पुढे चालत असताना पडला. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये त्याचं स्मारक आहे. फ्रान्सिस दुसरा व्हायकाउंट, तो १८३६ मध्ये गेला, मागे मुलगा नाही. मग वॉरिक.

वॉरिक लेक आरमारात होता. बापाला व्हायकाउंट केलं त्याच साली तो ‘रिक्रूट’ नावाच्या जहाजाचा कप्तान होता, वेस्ट इंडीजच्या समुद्रात. जहाजावर रॉबर्ट जेफरी म्हणून अठरा वर्षांचा पोरगा. कॉर्नवॉलचा, लोहारकाम जाणणारा. आपखुशीने आलेला नव्हता. त्या काळी इंग्रजी आरमार बंदरातून माणसं धरून नेत असे, तसा धरून आणलेला. पाणी कमी पडलं होतं. या पोराने पिंपातली बिअर काढून प्यायली. बस्, एवढा गुन्हा. कप्तानाने विचारलं, समोरचं ते बेट कुठलं? सोंब्रेरो. १३ डिसेंबर १८०७ च्या संध्याकाळी त्याने हुकूम केला, पोराला तिथे सोडा.

सोंब्रेरो म्हणजे समुद्रात उभा असलेला खडक. झाड नाही, झरा नाही, माणूस नाही. पोराच्या पायात जोडा नव्हता, खडकाने तळवे फाटले. बोट घेऊन गेलेल्या लोकांनाच ते बघवलं नाही. त्यांनी कुणाचा तरी जोडा त्याला दिला, एक चाकू दिला आणि जाणाऱ्या जहाजांना खूण करायला रुमाल दिले. बोट परत गेली. आता तुम्ही डोळ्यांपुढे आणा. अंधार पडतोय, जहाजाचा दिवा लांब जातोय, आणि हातात रुमाल. पाऊस पडला तेव्हा खडकाच्या कपारीत जे साठलं ते तो प्यायला. रोज जहाजं लांबून जात होती आणि कुणाला तो दिसत नव्हता. असे नऊ दिवस. मग अमेरिकेच्या मार्बलहेड गावच्या एका जहाजाने त्याला उचललं, तेव्हा तो जवळजवळ बेशुद्ध होता. तिकडे त्याने पुन्हा लोहारकाम धरलं.

कप्तानाच्या वरच्या अधिकाऱ्याला कळल्यावर त्याने लेकला झापलं आणि परत जाऊन पोराला आण म्हणून पाठवलं. बेटावर कुणी नव्हतं. सगळ्यांनी धरून चाललं की मेला. पण गोष्ट दबली नाही. फेब्रुवारी १८१० मध्ये वॉरिक लेकची लष्करी अदालतीपुढे चौकशी झाली आणि त्याला आरमारातून काढून टाकलं. सर फ्रान्सिस बर्डेट यांनी पार्लमेंटमध्ये विषय लावून धरला, पोराचा शोध करा म्हणून. तो जिवंत सापडला, इंग्लंडला आला, आईला भेटला. लेकने त्याला सहाशे पौंड भरपाई दिली.

या वॉरिक लेकला सव्वीस वर्षांनी किताब मिळाला. त्याला अडवायचं कुणाच्या हातात नव्हतं, कारण सनदेत वागणुकीबद्दल काही लिहिलेलं नसतं. एकच गोष्ट लिहिलेली असते, आणि तीच मला आज तुमच्यापुढे ठेवायची होती. दहा मिनिटं राहिली, तेव्हा भराभर सांगतो.

‘लंडन गॅझेट’मध्ये अशा किताबांचं जे शब्दांकन येतं, त्यात हा किताब अमक्याला आणि त्याच्या ‘अंगापासून झालेल्या, औरस, पुरुष वारसांना’ असं असतं. म्हणजे साध्या मराठीत पोटचा मुलगा. मुलगी नाही, मुलीचा मुलगा नाही, पुतण्या चालतो तो मूळ पुरुषाच्या पोटच्या पुरुषवंशातला असेल तरच, आणि दत्तक तर नाहीच. लेकला पाच मुली होत्या, म्हणजे लेकचा किताब एकाही लेकीला मिळू शकत नव्हता! हसा, हसा, पण हे दुःखाचंही आहे. आणि राजाच्या मनात असतं तर वाट निघत होती. मार्लबरोच्या ड्यूकला मुलगा उरला नाही, तेव्हा पार्लमेंटने कायदा करून त्याचा किताब मुलींना जाऊ दिला होता, १७०६ साली. नेल्सनचा भावाला गेला. म्हणजे शब्द बदलता येत होते. लेकसाठी कुणी बदलले नाहीत. २४ जून १८४८ ला वॉरिक वारला, मागे पुरुष वारस नाही, किताब संपला.

आता तारीख बघा, सातारकरांनो. त्याच्या आधी अडीच महिने, ५ एप्रिल १८४८ ला, इथे, या गावात शहाजीराजे, आपले अप्पासाहेब महाराज वारले. त्यांनी दत्तक घेतला होता. १८१९ च्या २५ सप्टेंबरचा तह आपल्याला पाठ आहे. राज्य प्रतापसिंह महाराजांना, त्यांच्या ‘वारसांना आणि उत्तराधिकाऱ्यांना’ कायमचं. तहात ‘अंगापासून झालेल्या’ हे शब्द नाहीत. ‘पुरुष’ हा शब्द नाही. ज्या इंग्रजांना साध्या किताबाच्या सनदेत पोटचा हा शब्द न चुकता घालायची सवय होती, त्यांनी तहात तो घातला नाही. त्यांना तो ठाऊक नव्हता असं म्हणता येणार नाही. माझं सारं म्हणणं एवढ्यावर उभं आहे. कागदात नसलेला शब्द एकोणतीस वर्षांनी वाचला गेला.

गव्हर्नर जनरल डलहौसी म्हणाला, दत्तक मुलाला खाजगी मालमत्ता मिळेल, राज्य मिळायला सार्वभौम सरकारची मंजुरी हवी. आणि ३० ऑगस्ट १८४८ च्या आपल्या टिपणात त्याने हेही लिहिलं, की हक्काने मुलूख मिळवायची अशी संधी सरकारने दवडू नये. साताऱ्याचे रेसिडेंट, म्हणजे कंपनीचे वकील, बार्टल फ्रिअर यांचं मत दत्तकाच्या बाजूने होतं. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचंही. त्यांची नावं मुद्दाम घेतो, कारण इंग्रजांतही तहाचे शब्द होते तसे वाचणारे होते. त्यांचं चाललं नाही. संस्थान खालसा झालं.

कागदांची दुसरी जोडी. १८०८ मध्ये लेक वारल्यावर पार्लमेंटने कायदा केला. वर्षाला २,००० पौंडांचं वर्षासन, नव्या व्हायकाउंटला आणि त्याच्यानंतर किताब ज्यांच्याकडे जाईल अशा आणखी दोघांना. म्हणजे खलाशाला खडकावर टाकून देणाऱ्या वॉरिकलाही ते कायद्याने लागू. इकडे दुसऱ्या बाजीरावांना कंपनीच्या माल्कमने १८१८ मध्ये जे लिहून दिलं, त्यात त्यांच्या स्वतःच्या आणि कुटुंबाच्या निर्वाहासाठी असे शब्द होते. वर्षाला आठ लाख. १८५१ च्या जानेवारीत बाजीराव ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला, वारले. नानासाहेब दत्तक. तनखा बंद. एका कागदात पुढच्या दोघांची सोय आधीच मोजून ठेवलेली. दुसऱ्या कागदात ‘कुटुंब’ हा शब्द असूनही तो वाचला नाही. नागपूर, झाशी यांत आज शिरत नाही, ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत.

तिसरी आणि शेवटची. आपल्याकडे आलेल्या मोठ्या लाटसाहेबांचे किताब बघा. कॉर्नवॉलिसची मार्क्वेसची पदवी १८२३ ला संपली. वेलस्लीची त्याच्याबरोबरच, १८४२ ला. पेशवाई बुडवणाऱ्या हेस्टिंग्जच्या घराण्याची १८६८ ला. आणि डलहौसी. त्याला १८४९ मध्ये मार्क्वेस केलं. त्याला दोन मुली होत्या, मुलगा नव्हता. १९ डिसेंबर १८६० ला तो वारला आणि मार्क्वेसची पदवी तिथेच संपली. घराण्याची जुनी अर्लची पदवी चुलत भावाकडे गेली, कारण तो मूळ पुरुषाच्या वंशातला होता. तिथे कागद जसा लिहिला होता तसाच वाचला गेला.

वेळ झाली. बाहेर चहाच्या टेबलाशेजारी मी दोन झेरॉक्स ठेवल्या आहेत. डाव्या हाताला किताबाच्या वारसाचं कलम, उजव्या हाताला १८१९ च्या तहाचं कलम. इंग्रजी आहे, पण तीन-तीन ओळींचंच आहे, आणि ज्यांना हवं त्यांना मी तिथे उभा राहून मराठीत सांगतो. डावीकडच्या कागदावर ‘अंगापासून झालेल्या’ या शब्दांखाली मी निळ्या पेन्सिलीने रेघ मारली आहे. उजवीकडचा कोरा ठेवलाय. तिथे तो शब्द कुणाला सापडला तर मला दाखवा.